वळचणीचे पारवे

पारवा हा गरीब पक्षी, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात ते घुमायला लागले की मी हातातला खडू फेकून मारते. नेम कधीच लागत नाही, त्यामुळे मुलांची फुकटात करमणूक होते. "बाई, पारव्यानं तुमचं काय घोडं मारलं?" असं एका आगाऊ मुलीने एकदा विचारलंसुद्धा. मी तिला कविता पाठ करायला लावली आणि विषय तिथेच मिटवला. खरं उत्तर भरल्या वर्गात देण्यासारखं नव्हतं.

माझा मोठा भाऊ जानेफळला मोटारी भरायचा. विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती बैलगाडीत नाहीतर सायकलच्या कॅरिअरवर घालून त्याच्या दुकानात आणत. आतली जळून काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून बसवायची, हे त्याचं काम. उन्हाळ्याच्या तोंडी त्याला जेवायलाही फुरसत नसे. त्याची बोटं बायकांसारखी लांब आणि निमुळती होती, आणि त्यावरून मी त्याला चिडवायची. तो म्हणायचा, "तुह्या हातात खडू, माह्या हातात तांबं. सांग आता, कोणाचं भारी?"

घरात माय, दादा आणि वहिनी, एवढीच माणसं. वडील मी लहान असतानाच गेले होते. दादा-वहिनीला मूल नव्हतं. घर पांढऱ्या मातीच्या भिंतींचं, वर टिनपत्रे, आणि मागे भाजीचं लहानसं वावर. मायने त्या वावरावरच आम्हाला वाढवलं. वांगी, मेथी, कोथिंबीर घेऊन ती आठवडी बाजारात बसायची आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला असं काही बोलायची की तो निमूट पिशवी पुढे करायचा. माझा तोंडाळपणा तिच्याकडूनच आला आहे. मी लग्न होऊन साखरखेर्ड्याला गेले आणि तिथल्याच शाळेत शिकवायला लागले. मेहकरला गाडी बदलून मी माहेरी आले की दादा दारातच म्हणायचा, "आली का मराठवाड्याच्या शिवंवरची पावणी? आमची बोली समजते नं अजून?"

एके दिवशी दुकानात काम करताना त्याच्या डाव्या हातातून तार सुटली. त्याने उचलली, पुन्हा सुटली. दुपारपर्यंत ओठाचा डावा कोपरा खाली आला आणि चहा हनुवटीवरून ओघळू लागला. गावात सगळ्यांनी एकच निदान केलं, लकवा. एवढ्या तरण्या माणसाला लकवा काऊन व्हावा, हे विचारणारी मी एकटीच निघाले. शाळामास्तरणीला शंका फार, असं लोक म्हणाले.

आम्ही त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रक्त तपासायला घेतलं, मग वहिनीचंही घेतलं, आणि आम्हाला एका बाजूच्या खोलीत बसवून दोघांच्या रक्तात काय निघालं ते सांगितलं. त्या काळी या आजाराचं नाव एसटी स्टँडच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असे, पण घरात ते कोणी तोंडातून काढत नसे. त्यावर रोज घ्यायच्या गोळ्या जगात कुठे कुठे निघाल्या आहेत, असं ऐकू येई. आमच्या जिल्ह्यातल्या गरिबापर्यंत त्या पोचायच्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की हा आजार स्वतः फारसं काही करत नाही, अंगातली ताकद तेवढी काढून घेतो. मग एरवी ज्या जंतूंचं माणसापुढे काही चालत नाही, तेही आत शिरतात. दादाच्या मेंदूत असाच एक जंतू शिरला होता, म्हणून हात लुळा पडला होता. माय म्हणाली, "म्हंजे कुंपण मोडलं. आता गावचं कोनतंबी ढोर आत येईन."

"अगदी बरोबर बोललात आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कुंपण दोघांचं मोडलं होतं, हे मायला कळलं होतं. तरी घरी आल्यावर तिने लेकाचं ताट तेच ठेवलं आणि सुनेसाठी जर्मनची एक जुनी थाळी वेगळी काढली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मायशी भांडले, नको ते बोलले. वहिनीने मात्र ती थाळी चिंचेने घासून लखलखीत केली आणि त्यात जेवू लागली. "जाऊ द्या बाई," ती मला म्हणाली, "पोट त भरते नं." तिच्या अशा शांतपणाचा मला रागच यायचा.

पण आधी दवाखान्याबद्दल सांगते, कारण दादा तिथे बरेच दिवस होता आणि मी सुट्टी काढून जात होते. त्या वॉर्डात त्याच एका आजाराची माणसं बरीच होती. गंमत अशी की तो आजार तिथे कोणालाच झालेला नव्हता! दाराजवळच्या खाटेवरच्या माणसाची बायको सांगायची, "याईले टीबी झाला." त्याच्या पलीकडच्याला नागीण उठली होती, छातीपासून पाठीपर्यंत, आणि त्याचा भाऊ जो येईल त्याला तेवढंच सांगायचा. एकाच्या तोंडात दह्यासारखा पांढरा थर जमला होता, पाण्याचा घोटसुद्धा गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, तर त्याच्या सासऱ्याच्या मते ती पोटातली उष्णता होती. आणि आमच्या दादाला अर्थातच लकवा. ज्याच्या कुंपणातून जे ढोर आत आलं, त्याचंच नाव तो सांगत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि सगळे एकमेकांची मूठ सांभाळत होते. मला सुरुवातीला हसू यायचं. मग एका सकाळी तो नागीणवाला गेला आणि त्याचा भाऊ रडताना म्हणाला, "नागिणीनं कोनी मरते का हो?"

दादाला मेंदूतल्या त्या जंतूवरच्या गोळ्या लागू पडायला लागल्या, तसं त्यांनी घरी सोडलं. गोळ्या चालू ठेवा, चुकवू नका, एवढं बजावून सांगितलं. आणि त्याच आठवड्यात पिंपळगाव राजाहून मामा आला. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ, अतिशय प्रेमळ आणि अतिशय ठाम. येताना त्याने झाकणाच्या टोपलीत पारव्याची पिल्लं आणली होती, त्याच्या विहिरीच्या कपारीतून काढलेली. आमच्याकडे जुन्या माणसांचा समज असा की लकव्याच्या माणसाला पारव्याच्या पंखांचा वारा लागला की मेलेलं अंग जागं होतं. कोणी कोणी पारव्याचं रक्तही चोळतात. मामा त्याचीही तयारी करून आला होता, पण दादाने साफ नाही म्हटलं. "माह्या हातासाठी मुकं पाखरू कापसान त मी जेवनच नाई," तो म्हणाला.

मग नुसत्या वाऱ्यावर तडजोड झाली. मी म्हटलं, अरे, हा काय प्रकार आहे? दादाने डोळा मिचकावला, आता त्याला तो नीट मिचकावता येत होता. "गावाचे पंखे मी दुरुस्त करतो, अन् मले वारा पाखराचा. बरं हाये नं, लाइट जायचं भ्याव नाई."

मायने त्याची खाट वळचणीखाली आणली. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये जी फट असते, तिथे तिने रिकामे डबे आडवे बसवले आणि पिल्लांना जागा केली. ती ज्वारी टिपायला शिकली, मोठी झाली, आणि तिथलीच झाली. रोज सकाळी माय एक पारवा हलकेच धरायची, दादाच्या डाव्या हातावर आणायची आणि पकड थोडी सैल करायची. तो पंख फडफडवायचा. पत्र्याच्या भोकातून पडणाऱ्या कवडशात बारीक धूळ उडताना दिसायची. दादा डोळे मिटून पडून राहायचा. मायचा चेहरा तेव्हा देवापुढे बसल्यासारखा असायचा. मी आयुष्यात तिला इतकं हळुवार काही करताना पाहिलं नव्हतं. बाजारात वांग्यांवर पाणी मारतानाही ती दणादणा मारायची.

आणि हात सुधारला! आधी मूठ वळू लागली, मग वाटी धरता येऊ लागली, आणि दिवाळीच्या आसपास तो दुकानात जाऊन बसला आणि त्याने एक मोटार भरली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरं काय! मी म्हटलं, हा गोळ्यांचा गुण आहे. मामा म्हणाला, "गोळ्या त तिथं सारेच खाऊन राह्यले होते वं. उठून दुकानात किती बसले?" मायने गावभर सांगितलं. लकव्याची दोन-तीन माणसं पारवे बघायला येऊन गेली. माय त्यांना चहा पाजायची आणि पिल्लं द्यायचं कबूल करायची. खरं सांगायचं तर तो काळ आमच्या घरात सुखाचा होता. दादा हसत होता, माय गाणं गुणगुणत होती. फक्त वहिनी रोज सकाळी खाटेखालची पारव्यांची वाळलेली शीट झाडून काढायची, ती वांग्यांना घालायची आणि आपल्या वेगळ्या थाळीत जेवायची.

गावाने मधेच एकदा मला विचारलं, हे तुझ्या भावाला आलं कुठून? मी सांगितलं, मेहकरच्या एसटीने. पुन्हा कोणी विचारलं नाही.

थंडी सरता सरता दादाचं डोकं दुखू लागलं. आधी त्याने उन्हाचं निमित्त सांगितलं, मग चष्म्याचं. मग उजेड सहन होईना. मान खाली वाकेना. मी आले तेव्हा तो अंधारात, डोळ्यांवर ओला फडका ठेवून पडला होता, आणि वरून पारवे घुमत होते. ते घुमणंसुद्धा त्याला सहन होत नव्हतं, पण मायला तो तसं सांगत नव्हता.

पुन्हा तोच दवाखाना, तोच वॉर्ड. त्याच्या पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं आणि त्यात बुरशी निघाली. भाकरीला येते, लोणच्याला येते, ती बुरशी माणसाच्या मेंदूच्या पाण्यात असते हे मी पहिल्यांदा ऐकलं. औषध सलाईनमधून द्यायचं होतं. ते चढायला लागलं की त्याला अशी हुडहुडी भरायची की खाट वाजायची. वहिनी त्याच्या पायांवर आडवी पडून ते दाबून धरायची.

एका सकाळी डॉक्टरीणबाई खाटेपाशी थांबल्या. माय चहा आणायला गेली होती, वहिनी खाली धुणं वाळत घालत होती. डॉक्टरीणबाईंनी दादाला सहजपणे विचारलं, "घरात कबुतरं, पारवे वगैरे आहेत का?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाई जी."

डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्यावर त्याने माझं मनगट धरलं. डाव्या हाताने धरलं, तो बरा झालेला हात होता. "काऊन इचारलं असन ते मले समजलं," तो म्हणाला. "मायले हे सांगू नको वं. कधीच नको सांगू. मी राह्यलो, नाई राह्यलो, तिले हे कळलं त ते जितीजागती मरन."

थोड्या वेळाने माय चहा घेऊन आली. चहा पार गार झाला होता, वर साय धरली होती. कॅन्टीनवर गर्दी होती, असं ती म्हणाली. दादाने तो तसाच प्यायला आणि चांगला आहे म्हणाला.

दुपारी मी एकटी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि खरं सांगितलं. पारवे आहेत. खाटेच्या वर आहेत. "ही बुरशी पारव्यांच्या वाळलेल्या शिटेत असते," त्या म्हणाल्या. "पण मातीतही असते, झाडाच्या ढोलीतही असते. तुमच्या भावाला ती पारव्यांमुळेच झाली, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही. त्यांच्यामुळे झाली नाही, असंही सांगू शकत नाही. एक मात्र करा. तुमच्या वहिनीला त्या पारव्यांच्या जवळ ठेवू नका. झाडलोट तर अजिबात करू देऊ नका. तिचंही अंग तसंच आहे."

दादा शिमग्याच्या आधी गेला. बुरशी मेंदूत फार पसरली होती.

त्यानंतर माझ्या जिवाला जे लागलं ते सांगायला सोपं आणि करायला अशक्य होतं. वहिनी जगायला हवी होती. त्यासाठी पारवे जायला हवे होते. पारवे घालवायचे तर मायला कारण सांगायला हवं होतं, आणि कारण सांगितलं तर दादा म्हणाला तसं माय जितीजागती मेली असती. ती बाई आपल्या लेकाचा हात धरून त्यावर रोज सकाळी पंखांचा वारा घालत होती! तिला कोणत्या तोंडाने सांगायचं, की माय, त्या वाऱ्यातच ते होतं? आणि तेसुद्धा खात्रीने माहीत नसताना?

पहिला उपाय म्हणून मी वहिनीला साखरखेर्ड्याला घेऊन आले. माझ्या यजमानांची हरकत नव्हती. सासूबाईंनी मात्र तिची बादली वेगळी केली, मग तांब्या वेगळा केला, मग अंथरूण पडवीत काढलं. वहिनीने आठवडाभर पाहिलं आणि पिशवी भरली. "तिथं एक थाळीच वेगळी हाये," ती म्हणाली. "अन् आत्याबाई एकल्या हायेत. वावराले पानी कोन देईन?" आत्याबाई म्हणजे आमची माय. मी तिला एसटीत बसवलं आणि बजावलं, पारव्यांखाली झाडायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. तिने मान हलवली. का, ते विचारलं नाही. मला वाटतं, तिला न विचारता कळलं असावं. पण सासू झाडायला वाकली की सून बसून राहील, अशी ती नव्हतीच.

मग मी बहाणे सुरू केले. पारव्यांनी घाण होते. पिल्लांच्या मागे साप येतो. पत्र्यावर त्यांच्या पायांचा आवाज होतो, झोप लागत नाही. मायने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थे त्याचे पारवे हायेत." रोज सकाळी ती ज्वारीचा डबा घेऊन अंगणात बसायची आणि पारवे तिच्या भोवती उतरायचे. एक तर सरळ तिच्या हातावर बसायचा. दादा गेल्यापासून ती गाणं विसरली होती, शेजारणींशी बोलत नव्हती, बाजारात भावावरून भांडतसुद्धा नव्हती. त्या पाखरांशी मात्र बोलायची. मी उंबऱ्यात उभी राहून बघायची, आणि मला त्या पाखरांचा आणि मायचा आणि दादाच्या शब्दाचा सारखाच राग यायचा. त्याने मला वचनात बांधलं आणि स्वतः मोकळा झाला. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले होते.

पावसाळ्याच्या आधी वहिनीच्या तोंडात पांढरे चट्टे आले. मी वॉर्डात पाहिले होते तसेच. दवाखान्याच्या औषधाने ते गेले, पण ढोर कुंपणापाशी आलंय हे कळलं. आता मायला सांगायचंच, असं ठरवून मी दोनदा जानेफळला गेले आणि दोन्ही वेळा न सांगता परत आले. एवढी वर्षं मुलांना धडाधड बोलायला शिकवणारी मी, आईपुढे माझ्या तोंडाला कुलूप लागायचं.

मग एका दिवशी शाळेच्या समोरच्या बूथवर फोन आला. जानेफळच्या दुकानदाराने निरोप दिला, तुमच्या वहिनीचं कालपासून डोकं दुखून राह्यलं, आईनं बोलावलं.

डोकं. मी वर्ग तसाच सोडला. गाडीत बसले तरी मला बसवत नव्हतं. दादाचंही असंच सुरू झालं होतं, उन्हाचं निमित्त सांगून. मेहकरला गाडी बदलली तेव्हा मी ठरवलं, आज सांगायचं. माय कोसळली तर कोसळली. एकीला तरी वाचवायचं.

मी अंगणात शिरले आणि थबकले. माय शिडीवर होती. तोंडाला लुगड्याचा पदर घट्ट बांधलेला, फक्त डोळे दिसत होते. वळचणीतले डबे काढून तिने खाली फेकले होते. कालवलेला चिखल भिंत आणि पत्र्याच्या मधल्या फटीत थापत ती फट बुजवत होती. खाली सगळीकडे पाणी शिंपडलेलं होतं, धूळ उडू नये म्हणून. आणि चिखल घेतला होता तो वहिनीच्या जर्मनच्या थाळीत. पारवे विजेच्या तारेवर ओळीने बसून बघत होते. वहिनी दूर, विहिरीच्या काठाशी, डोक्याला फडकं बांधून बसलेली होती, तिला तिथेच बसायला सांगितलं असावं.

"माय," मी म्हटलं, "हे काय करून राह्यली?"

"दिसत नाई का? बुजवून राह्यली." तिने हात थांबवला नाही. "त्या दिशी मी चहा घेऊन दारातच उभी होती. डाक्टरीनबाईनं इचारलं, अन् पोरगा नाई म्हने. मंग त्यानं तुले काय सांगतलं थेबी ऐकलं म्या."

चहा गार झाला होता तो म्हणून.

"मंग इतके दिवस काऊन ठेवले?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, मला तो आवरता आला नाही.

ती खाली उतरली. पदर सोडला. तिच्या तोंडावर चिखल उडाला होता आणि ती एकदम फार म्हातारी दिसत होती. "पारवे हाकलले असते त मंग म्याच त्याले मारलं, असं झालं असतं नं बाई," ती म्हणाली. "होते तवरी तसं झालं नव्हतं. तवरी थे त्याले बरं करनारे पारवे होते." मग तिने विहिरीकडे पाहिलं. "काल हिचं डोकं दुखलं. मी म्हटलं, आता काय झालं असन थे असो. आता मले हे पोरगी पायजे."

मला रडू आलं. मायला आलं नाही. ती थाळीतला उरलेला चिखल घेऊन पुन्हा शिडी चढली, कारण एक कोपरा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही वहिनीला दवाखान्यात नेलं. पाठीतलं पाणी काढलं तेव्हा मी तिचा हात धरून होते आणि माय बाहेर भिंतीशी डोळे मिटून बसली होती. पाणी स्वच्छ निघालं. डोळ्यांचा नंबर वाढला होता, तापाची कणकण होती, दुसरं काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी हे सांगितल्यावर मायने त्यांना विचारलं, "नक्की नं बाई?" आणि त्या हो म्हणाल्यावर पुन्हा विचारलं. मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. वॉर्डातली माणसं दारात येऊन बघू लागली. कोणीतरी विचारलं, काय झालं होतं? माय डोळे पुसत म्हणाली, "माह्या पोराले एड्स होता. थे गेला. हे सून हाये." त्या वॉर्डात हा शब्द मी पेशंटच्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

वहिनी पुढे जगली. रोजच्या गोळ्या आमच्या जिल्ह्यापर्यंत पोचेपर्यंत ती तग धरून राहिली, आणि त्या सुरू झाल्यावर तब्येतीने भरली. माय गेली तेव्हा तिचं सगळं तिनेच केलं. आजही वांगी तीच लावते आणि बाजारात भाव तीच पाडू देत नाही.

पण मला आठवते ती दवाखान्यातून परत आल्यानंतरची सकाळ. पारवे रोजच्या वेळेला अंगणात उतरले. बुजवलेल्या वळचणीकडे एक-दोनदा उडून परत आले आणि घुमत राहिले. माय सवयीने ज्वारीचा डबा घेऊन बाहेर आली. पारवे तिच्या पायांशी गोळा झाले. तो हातावर बसणाराही पुढे आला. माय उभी राहिली. मग तिने पायातली चप्पल काढून त्यांच्यावर फेकली, आणि ते उडाल्यावर पुन्हा दुसरी फेकली. मग घरात आली, डबा वहिनीपुढे ठेवला आणि म्हणाली, "हे ज्वारी दयून आन. चांगली हाये. तुले भाकरी होतीन."

वहिनीने डबा उचलला आणि गिरणीकडे गेली. मी अंगणात जाऊन मायच्या चपला आणल्या.